पौंडाची गोष्ट आणि शिलिंगाची

आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे: जिल्ह्याला सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल कधी मिळणार? मी इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये राहतो, म्हणून मला साक्षीला ओढतात. "तुमच्याकडे सगळं फुकट, म्हणून माणसं जगतात." फुकट हे खरं. पण ती फुकट सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आली १९४८ साली. इंग्लंड-वेल्समध्ये १९०० साली वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी १५४ होतं, १९२० साली ते ८० वर आलं. तेव्हा पेनिसिलिनही नव्हतं.

जवळचंच हडर्सफील्ड घ्या. लोकरीच्या गिरण्यांचं गाव. १९०४ साली बेंजामिन ब्रॉडबेंट तिथले महापौर झाले आणि लाँगवूड या भागापुरतं त्यांनी जाहीर केलं: माझ्या कारकिर्दीत जन्मलेलं बाळ वर्षाचं झालं की एक पौंड. तसं छापील कार्डच घरी यायचं. मजूर आठवडाभर राबला की साधारण तेवढे पैसे हातात पडत.

लोकांना पौंडाची गोष्ट आवडते. मला शिलिंगाची जास्त. जन्माची खबर ४८ तासांत पालिकेला देणाऱ्याला एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग! रीतसर नोंदणीला सहा आठवड्यांची मुदत होती, आणि तेवढ्यात कित्येक बाळं जाऊनही चुकलेली असत. खबर लागली की आरोग्य अधिकारी सॅमसन मूर यांच्या खात्यातली डॉक्टरीणबाई दारात हजर. औषधपाणी तिचं काम नव्हे. अंगावर पाजा, दूध झाकून ठेवा, हेच सांगायची. तेव्हाच्या दुधाच्या बाटलीला लांब रबरी नळी असे, ती आतून कधी धुतलीच जात नसे. उन्हाळ्यात घोड्यांची लीद, माश्या आणि ही नळी. जुलाबाने बाळं पटापट जात. १९०६ साली हडर्सफील्डने ही खबर सक्तीची केली. पुढच्याच वर्षी देशाचा कायदा आला.

यात इंग्रजांचे गोडवे गायचं कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या भरतीला आलेली पोरं किडकिडीत निघाली, तेव्हा सरकारला बाळांची आठवण झाली. त्यांच्याच राज्यात मुंबईचा १९२१ चा बालमृत्यूंचा आकडा हजारी ६०० च्या वर होता. तोही फसवा: बाई बाळंतपणाला कोकणात, जन्माची नोंद तिकडे, मरणाची गिरणगावातल्या चाळीत.

आपल्याकडे कोणी काही केलंच नाही, असंही नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आणला. आशाताईही दारोदारच फिरतात. त्यांना मानधनासाठी आझाद मैदानावर बसावं लागतं, तेव्हा आमचा ग्रुप गप्प.

हॉस्पिटल नको, असं माझं म्हणणं नाही. हार्ट अ‍ॅटॅकला डॉक्टरीणबाईचा सल्ला पुरत नाही. परवा मी ग्रुपवर एवढंच विचारलं, गेल्या वर्षी आपल्या नगरपालिकेत कुठल्या वॉर्डात किती बाळं गेली, कोणाला माहीत आहे का? उत्तरादाखल भूमिपूजनाच्या बॅनरचा फोटो आला.