वायच हवा

मालवणात राहणाऱ्या माणसाला समुद्र बघायला कॅम्परव्हॅन कशाला लागते, हे विचारून विचारून लोक आता थकले आहेत. शाळेची जुनी मिनीबस घेऊन मी तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याचं पिंप बसवलं, तेव्हाच बायकोनेही हात टेकले. टायरात हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचं खूळ मात्र माझं एकट्याचं नाही. त्याला देवबागची पुळण जबाबदार आहे.

पुळणीवर गाडी नेऊ नये असा फलक होता. तो मी रुतल्यावर वाचला, कारण मग वेळच वेळ होता. रापण ओढणारी माणसं जवळच होती. त्यांतला एक म्हातारा चाकाभोवती फिरला आणि म्हणाला, "टायरातली हवा सोडा वायच. फुगलेलो टायर रुततलोच." वायच म्हणजे आमच्या मालवणीत जराशी. ५० पाउंडांची हवा २० वर आणली तसा टायर घावनासारखा पसरला, भार जास्त वाळूवर वाटला गेला, आणि सातआठ जणांनी "होऽऽ" म्हणत गाडी बाहेर काढली. आता हवा परत भरायची कुठे? मऊ टायर डांबरी रस्त्यावर पळवला तर तापून फाटतो. म्हणून बैलगाडीच्या चालीने पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत आलो, तर दाराला कुलूप. रात्री दशावतार होता. गावच झोपलेलं.

त्या कुलपासमोर मी ठरवलं, की यापुढे हवा आपली आपण.

कॉम्प्रेसर आला. १२ व्होल्टचा, सोबत ६ लिटरची टाकी. दाब ९० पाउंडांवर उतरला की आपोआप चालू, १२० झाला की बंद. कागदावर हे वाचताना इतकं सोपं वाटलं की मी सकाळी दहाला काम सुरू करून जेवायला मोकळा होणार, असं घरात जाहीरही केलं.

पहिला प्रश्न जागेचा. इंजिनापाशी उष्णता, गाडीखाली चिखल आणि खारं पाणी. उरली पलंगाखालची जागा, पण तिथे कुळथाच्या पिठाचा डबा, आमसुलं आणि पापड हे आधीचे रहिवासी. त्यांचं पुनर्वसन होईपर्यंत दुपार झाली. साधे बोल्ट आमच्या हवेत गंजतात म्हणून स्टेनलेसचे आणले, खाली रबराचे बूशही घातले, नाहीतर कॉम्प्रेसर सुरू झाला की शेगडीवरची भांडी आरती म्हणतात. हे मला आधी माहीत नव्हतं. आरती झाल्यावर कळलं.

मग वायर. घरातली उरलेली अडीच चौरस मिलिमीटरची वायर होती, ती जोडली. कॉम्प्रेसर घरघरला, वायर हाताला चटका देण्याइतकी तापली आणि फ्यूज उडाला. गॅरेजमधल्या वायरमनने आधी कपाळाला हात लावला, मग समजावलं. हा पठ्ठ्या घरच्या मिक्सरएवढा, म्हणजे साधारण ५०० वॅटचा. मिक्सर २३० व्होल्टवर दोन-सव्वादोन अँपिअरमध्ये भागवतो. तेच काम १२ व्होल्टवर करायला ४० च्या वर अँपिअर लागतात. पाण्याला दाब नसला की पाइप जाड घ्यावा लागतो, माडांना शिंपणं करणाऱ्याला हे सांगावं लागतं का? मी माडांना शिंपणं करतो, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

फ्यूज मी कॉम्प्रेसरजवळ बसवला होता, दिसायला बरा म्हणून. वायरमन म्हणाला, "राखणदार वेशीर व्हयो, तुमच्या माजघरात कित्याक?" खरंच होतं. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून फ्यूज बॅटरीला खेटून हवा. जाड वायर, छोट्या स्विचने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा रिले, वेशीवर राखणदार, असं सगळं नव्याने झालं. जेवायला मी मोकळा झालो, पण तिसऱ्या दिवशी.

मोठ्या दिमाखात पहिल्या रात्री एका ओळखीच्यांच्या बागेत मुक्काम केला. माडांची सळसळ, लांबून लाटा, डोळा लागतोय तोच पलंगाखाली घर्रर्र! दोघंही उठून बसलो. बंद झाला. वीस मिनिटांनी पुन्हा घर्रर्र. कुठेतरी हवा गळत होती, दाब ९० वर येत होता आणि यंत्र इमानाने जागं होत होतं. दोन वाजता बागेचे मालक टॉर्च घेऊन आले. त्यांना वाटलं, विहिरीचा पंप चालू राहिला.

"अहो," बायको अंधारात म्हणाली, "ह्याला झोपेची गोळी नाही का?"

स्विच बंद करण्याची साधी अक्कल मला पहाटे चारला सुचली.

गळती मला आठ दिवस सापडली नाही. शेवटी ज्याला टाळण्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, तोच पंक्चरवाला बघायला आला. "आमच्या पोटार पाय इलो म्हणा," असं म्हणत त्याने दाढीच्या ब्रशने प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस फासला. टाकीच्या एका सांध्यावर बुडबुडे फुलले. सांधा उघडून बघितला आणि तो हसला. "टेप उलटी गुंडाळलेली असा, काकानू." टेफ्लॉनची टेप आटे पिळायच्या दिशेनेच गुंडाळायची असते, नाहीतर पिळताना ती उकलत जाते. पैसे त्याने घेतले नाहीत. हे मला जास्त लागलं.

जाताना त्याने टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून दाखवला. वाटीभर तांबूस पाणी आलं. हवा दाबली की तिच्यातला दमटपणा पाणी होऊन खाली बसतो, आणि आमच्याकडच्या हवेत दमटपणाला काय तोटा! बायको म्हणाली, "हवेतलं पाणी काढायला एवढा खर्च केलात? पावसाळ्यात माझी धुणी वाळवायला काही बसवा की."

जूनच्या पहिल्या पावसात लाईट गेली. तासाभराने पंक्चरवाला छत्री घेऊन दारात. मागे एक स्कूटर, तिच्यावर मासळीच्या टोपल्या, आणि चिंताक्रांत बाई. "दुकानातला कॉम्प्रेसर बंद. वायच हवा मिळात?"

मी ऐटीत स्विच दाबला. घर्रर्र झालं, भांडी गप्प राहिली, टायर फुगला. त्याने बाईंकडून दहा रुपये घेतले आणि स्वतःच्या खिशात घातले. मी बघत राहिलो.

"मजुरी," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हात केला.