सीलची पिल्ले आणि आमच्या शेळ्या

एलिफंट सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पिल्लांच्या उपासावरील आपला लेख वाचला. ही पिल्ले दूध तुटल्यावर दोन-तीन महिने अन्नपाण्याविना राहतात, हे त्यात छान सांगितले आहे. मात्र त्यांच्या शरीरातील बदलांचा भाग फारच थोडक्यात उरकला आहे. या काळात इन्सुलिन घटते, कॉर्टिसॉल हे स्नायू झिजवू शकणारे ताणाचे संप्रेरक वाढते, तरीही स्नायूंची झीज मर्यादित राहते, कारण ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा चरबीतून मिळते आणि तिच्याच ज्वलनातून पाणीही तयार होते. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत जनावरांवर उपचार करताना मला याचे विशेष अप्रूप वाटते. कारण जुळी पोटात असलेल्या गाभण शेळीने चारा सोडला की तिच्या रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) साचतात, श्वासाला गोडसर वास येतो आणि ती बसकण मारते, तर सीलच्या पिल्लांत इतक्या दीर्घ उपासातही कीटोन तेवढे चढत नाहीत. लेखकाने यावर सविस्तर लिहावे, ही कळकळीची विनंती.