रक्त वाढवायचंय? बीट किसा, चहा ढोसा, गोळ्या फ्रिजवर ठेवा

माझ्या धाकट्या जावेचं हिमोग्लोबिन ७.८ आलं. बाईला किमान १२ हवं. रिपोर्ट घरच्या ग्रुपवर पडला आणि पाच मिनिटांत जो तो रक्ततज्ज्ञ झाला. मामेसासूबाईंपासून भाऊजींच्या ऑफिसातल्या मित्राच्या बायकोपर्यंत सगळ्यांना इलाज माहीत. माहीत नव्हता तो फक्त त्या डॉक्टरला, बिचारा लोहाच्या गोळ्या लिहून मोकळा झाला. तेव्हा तुमच्याही घरात कुणाचं रक्त कमी निघालं असेल, तर आमच्याकडची ही पद्धत लिहून घ्या.

सगळ्यात आधी रंग बघा. रक्त लाल, म्हणून खायचं तेही लाल. बीट, गाजर, डाळिंब, टोमॅटो. १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं, पण म्हणून हिंमत हरू नका. रोज साडेतीन-चार किलो बीट किसा. भाजीपाल्यातलं लोह आतडं शंभरात पाच-दहा टक्केच उचलतं, हे त्या २९ मध्ये आधीच धरलेलं आहे, तेवढी सूट तुम्हाला मिळाली समजा. जाऊबाई स्टीलच्या पेल्यात तो रस नाक दाबून पिते आणि ओठांवर गुलाबी मिशी उमटली की सासूबाई म्हणतात, "बघ, तेज आलं!" दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली तर घाबरू नका. तो बिटाचा रंग. आला तसा गेला, रक्ताच्या वाटेला फिरकलाही नाही.

जेवणावर लगेच चहा घ्याच. आलं घालून, चांगला उकळलेला. चहातली तुरट द्रव्यं पोटात लोहाला अशी धरून बसतात की निम्म्याहून जास्त लोह आतड्याला शिवतच नाही. एवढं निवडून, धुऊन, चिरून केलेल्या राजगिऱ्याच्या भाजीचं सार्थक असंच व्हायला हवं.

लिंबू मात्र पिळू नका, दात आंबतात. (क जीवनसत्त्वाने तेच लोह कितीतरी जास्त शोषलं जातं, पण ते सोडा.)

लोखंडी कढई भंगारात घाला.

कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच घोटात उरका. दोघी आत गेल्यावर दारातच भांडतात, आपल्याला काय!

पावडर घ्यायला विसरू नका. आमच्या सोसायटीत एक बाई अलीकडेच 'न्यूट्रिशन कोच' झाल्या आहेत, त्या आधी साड्या विकायच्या. त्यांनी चॉकलेट चवीचा डबा आणून दिला. डब्यावर हिरवं पान, मागे बारीक अक्षरांत घटक. चष्मा लावून वाचलं, लोह बेतास बात आणि साखर दुसऱ्या नंबरावर. त्याच्या किमतीत महिनाभराचं लिंबू, पेरू, आवळा, हळीव आणि खाणाऱ्यांना दोनदा कलेजी आली असती. पण हे सगळं विकणाऱ्या दुकानदाराला कोणी कोच म्हणत नाही ना.

जाऊबाई हल्ली डब्यातले कच्चे तांदूळ मूठ मूठ चघळते. यावर हसायचं असतं. "लग्नात पाऊस पडेल गं!" म्हणायचं. लग्न होऊन दोन मुलं झाली, पडला असता तो पाऊस पडून गेला. माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी असल्याचं जुनं लक्षण आहे, पण लक्षणं बघायला आपण काय डॉक्टर आहोत?

आता गोळ्या. त्या उष्ण पडतात, हे आपल्याकडे जन्मतःच कळतं. पहिल्या दिवशी मळमळलं, दुसऱ्या दिवशी शी काळी झाली, तिसऱ्या दिवशी पाकीट फ्रिजवर, लग्नपत्रिकांच्या खाली. गोळीने शी काळी होते, ती अपेक्षितच आहे. मळमळत असेल, पोट साफ होत नसेल, तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून मिळते, दिवसाआड घ्यायला सांगतात, कधी रात्री झोपताना. हे विचारायला फोन करावा लागतो. त्यापेक्षा पाकीट फ्रिजवर ठेवणं सोपं. आणि चुकून घेतल्याच गोळ्या, तर हिमोग्लोबिन १० झालं की लगेच बंद करा, कारण "आता बरं वाटतंय". शरीर आधी रक्त भरतं आणि मग लोहाचं कोठार. कोठार भरायला हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही काही महिने गोळी चालू ठेवावी लागते. ते रिकामं राहिलं की पुढच्या दिवाळीत पुन्हा ७.८, पुन्हा ग्रुप, पुन्हा बीट.

आणि या सगळ्यात एका माणसाने, अगदी एकानेही, तिला विचारलं नाही की तुझं रक्त जातंय कुठे? लोहाच्या बाबतीत शरीराइतका कंजूष कोणी नाही. लाल पेशी साधारण १२० दिवसांनी मोडते, तिच्यातलं लोह काढून ते नव्या पेशीत घालतं. लोह बाहेर टाकायची सोयच त्याने ठेवलेली नाही. मग एवढं कमी होतं कसं? तिला महिन्याचे आठ-आठ दिवस जातं, गाठी पडतात, ती रात्री उठून चादर धुते. हे मला माहीत आहे, कारण मी विचारलं. फुटक्या घागरीत बिटाचा रस ओतताय तुम्ही! गर्भाशयात गाठ असेल, थायरॉइड असेल, पोटात जंत असतील, काहीही असेल. बघायला नको? बायकांच्या डॉक्टरांकडे न्यायला नको? एक सोनोग्राफी करायला नको? हे बोलायची लाज वाटते आणि रिपोर्ट चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकायची वाटत नाही!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला. या ५४ जणींना काय बीट मिळत नव्हतं? त्यांच्या ताटात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं पडतं. डाळ संपलेली, भाजीचा रस्सा, अंडी मुलांना, मटणाचे तुकडे पुरुषांना. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरतं, बाईला २९ लागतं, आणि वाढताना आपण बरोब्बर उलटं वाढतो.

भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहात, म्हणून सरळ सांगते. फ्रिजवरचं पाकीट खाली काढा. येत्या सोमवारी सुट्टी टाका आणि तिला घेऊन जा, आईला बरोबर पाठवून देऊ नका. आणि ती जेवायला बसली की समोर उभं राहून चहा मागू नका. तुमचा तुम्ही करून घ्या. साखरेचा डबा ओट्यावरच असतो.