बीटच्या रसाने चार पॉइंट? आधी एमसीव्ही बघा

सोसायटीच्या, भिशीच्या, लोकलच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे लोह कमी. रोज सकाळी बीटचा रस आणि गूळ-शेंगदाणे घ्या, 21 दिवसांत 4 पॉइंट वाढतात. गोळ्यांनी पोट बिघडतं, घेऊ नका."

"12 च्या खाली." हा आकडा गरोदर नसलेल्या बायकांचा. पुरुषांना 13, गरोदरपणात 11. एवढं माफ.

"म्हणजे लोह कमी." खरी गफलत इथे आहे. हिमोग्लोबिनवरून रक्त कमी आहे एवढंच कळतं, का ते कळत नाही. त्याच सीबीसीच्या (रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या) कागदावर जरा खाली एमसीव्ही असतो, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. 80 ते 100 नॉर्मल. 100 च्या वर गेला तर बी-12 किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, कधी दारू, लिव्हर, थायरॉइड. नॉर्मल असूनही रक्त कमी, तर किडनीचा जुना आजार, संधिवातासारखं दुखणं किंवा नुकताच झालेला रक्तस्राव. शाकाहारी घरांत लोह आणि बी-12 दोन्ही कमी असली की लहान-मोठ्या पेशींची सरासरी 88 येते आणि सगळे निर्धास्त होतात. तिथे आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाढलेला दिसतो.

80 च्या खाली बहुतेकदा लोहच कमी असतं, पण दरवेळी नाही. दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. एकात हिमोग्लोबिन 8.6, एमसीव्ही 68, तांबड्या पेशी 4.1. दुसऱ्यात 10.8, 62 आणि 5.6. एमसीव्हीला पेशींच्या आकड्याने भागा: पहिल्यात साडेसोळा, दुसऱ्यात 11. भागाकार 13 च्या खाली आला की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे एका आनुवंशिक रक्तदोषाच्या सौम्य प्रकाराचा, संशय घ्यायचा. हा नुसता अंदाज; पक्कं करायला फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी). त्यातला एचबीए-2 हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला तर मायनर. उल्हासनगरचे सिंधी, मुलुंड-घाटकोपरचे लोहाणा आणि कच्छी भानुशाली यांच्यात तो जास्त आढळतो, पण मराठी घरांतही असतोच. अशा माणसाला लोह कमी नसताना वर्षानुवर्षं लोह देऊन फायदा शून्य, उलट ते अंगात साठू शकतं. आणि नवरा-बायको दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर, म्हणजे गंभीर प्रकाराचं, होण्याची शक्यता 25 टक्के. लग्नाआधी हे तपासायचं ते म्हणूनच.

"21 दिवसांत 4 पॉइंट." हिशोब करू. 50 किलोच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त. एक पॉइंट म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात एक ग्रॅम, म्हणून 4 पॉइंट म्हणजे 140 ग्रॅम हिमोग्लोबिन, आणि एका ग्रॅमला सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह. एकूण पावणेपाचशे मिलिग्रॅम, म्हणजे रोज 22 ते 23 अंगी लागायला हवं. 200 ग्रॅम बीटमध्ये जेमतेम दीड-दोन मिलिग्रॅम, त्यातलंही थोडंच शोषलं जातं. गूळ-शेंगदाणे जोडले तरी हिशोब बसत नाही. बीट लाल असतं ते त्यातल्या रंगद्रव्यामुळे, लोहामुळे नव्हे. त्यापेक्षा पोह्यांवर लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या, लोह जास्त शोषलं जाईल.

"गोळ्या घेऊ नका." सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. मळमळ, बद्धकोष्ठ होतं हे खरं, शौच काळी होते हेही खरं; काळा रंग लोहाचाच. त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेता येते. कॅल्शियमची गोळी आणि ही एकत्र नको, दूध-चहासोबतही नको. महिन्याभरात एक-दोन पॉइंट वाढले की गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. साठा भरायला पुढे तीनेक महिने लागतात.

मेसेजमध्ये नसलेला प्रश्न: लोह गेलं कुठे? पाळीत जास्त जाणं, मूळव्याध, अल्सर, रोजची अ‍ॅस्पिरिन, जंत. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं फेरिटिन कमी आलं तर पोटा-आतड्यातून रक्त जातंय का हे शोधावंच लागतं, त्यात कॅन्सरही असू शकतो. आणि रोज बीट पिणाऱ्याची शौच तशीही लालसर होते, त्यामुळे खरं रक्त दिसलं तरी तो ते बीटच्याच खात्यावर टाकतो.