नव्या लॅपटॉपवर थेट विंडोज ७ टाकावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, जुने प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (म्हणजे चालू विंडोजच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये) कसे चालवायचे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की "नव्या लॅपटॉपवर सरळ विंडोज ७ टाकता येतं, मी स्वतः टाकलंय, तुम्ही लोकांना उगाच व्हर्च्युअल मशीनचा द्राविडी प्राणायाम करायला लावताय आणि वर सिक्युरिटीचा बागुलबुवा उभा करताय." शिवाय डोंगलवाल्या (म्हणजे कॉम्प्युटरला एक छोटी किल्ली जोडल्याशिवाय न उघडणाऱ्या) सॉफ्टवेअरबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, असंही तुम्ही म्हटलंय. डोंगलचं एकदम मान्य, चूक माझी, त्यावर खाली लिहितो. बाकीचं मात्र पटलं नाही, आणि ते सविस्तर लिहितोय कारण तुमची कमेंट वाचून कुणी चांगला चालू लॅपटॉप फॉरमॅट मारून बसला तर त्याची फार पंचाईत होईल.

तुम्ही टाकलंत ते खरंच असणार. काही वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा लेगसी किंवा सीएसएम नावाचा पर्याय असायचा, तो चालू केला की जमायचं. आता बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये तो पर्यायच नसतो, नुसतं यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत. विंडोज एक्सपीला ते कळतच नाही. विंडोज ७ चं ६४ बिट व्हर्जन त्यावर सुरू होतं, पण पडद्यावर चित्र दाखवायला जुन्या बायोसची व्हिडिओ सोय मागतं, ती मिळाली नाही की 'स्टार्टिंग विंडोज' वर येऊन जे थांबतं ते थांबतंच.

समजा ते पार झालं. मग पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल सुरू होतं, भाषा विचारतं, आणि टचपॅड हलत नाही, यूएसबी माउस लावला तर तोही मेलेला, कारण विंडोज ७ आलं २००९ मध्ये आणि त्याच्या डिस्कवर यूएसबी ३ चा ड्रायव्हरच (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नाही. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बहुतेक वेळा चालतो म्हणून तुम्ही एंटर मारत पुढे जाता तर मेसेज येतो की सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही! खरी गोष्ट एवढीच असते की ज्या पेन ड्राइव्हवरून ते इन्स्टॉल होतंय तोच पेन ड्राइव्ह आता त्याला दिसत नाहीये. या मेसेजपायी मी एक अख्खा रविवार घालवलाय. नंतर एनव्हीएमई एसएसडीचा (नव्या लॅपटॉपमधल्या वेगवान डिस्कचा) ड्रायव्हर वेगळा घुसवायचा, आणि एवढं करून वायफाय आणि ग्राफिक्सला ड्रायव्हर मिळत नाही तो नाहीच. इंटेलच्या सातव्या पिढीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या आधीच्याला सपोर्टच दिला नाही.

आणि मुख्य मुद्दा पुढेच आहे. आपल्याला विंडोज ७ हवंय कशाला? तो जुना प्रोग्रॅम चालावा म्हणून ना? मग प्रोग्रॅम १६ बिट, म्हणजे फार जुन्या जमान्यातला, असेल तर ६४ बिट विंडोज ७ वर तो चालणारच नाही, विंडोज ११ वर जसा चालत नाही तसाच. म्हणजे सगळी उस्तवार करून परत मूळ पदावर.

माझंच उदाहरण सांगतो. टर्बो पास्कलमध्ये (जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलेला एक स्टॉकचा प्रोग्रॅम होता, डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचा, त्यात कित्येक वर्षांच्या नोंदी. सुरू केला की लगेच 'रनटाइम एरर २००', म्हणजे शून्याने भागाकार. कोडमध्ये शून्य कुठेच नव्हतं. होतं काय, की प्रोग्रॅम सुरुवातीला कॉम्प्युटरचा वेग मोजतो, घड्याळाच्या एका टिकमध्ये, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदात, एक लूप किती वेळा फिरतो ते बघतो आणि त्या आकड्याला ५५ ने भागतो. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर उत्तर एवढं मोठं येतं की ते १६ बिटमध्ये मावतच नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. आता सांगा, ३२ बिट विंडोज ७ थेट टाकून तरी हे कसं सुटणार, प्रोसेसर तर नवाच राहतो. व्हर्च्युअलबॉक्समध्येही (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) सुटत नाही, कारण तोही खऱ्या प्रोसेसरच्याच वेगाने पळतो. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सायकल्स, म्हणजे त्या नकली कॉम्प्युटरचा वेग, कमी केल्या आणि प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उघडला. त्याला हळू मशीन हवं होतं, ते त्याला दिलं. प्रिंट काढायची असेल तर डॉसबॉक्स-एक्स घ्या, साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोय नाही.

३२ बिट प्रोग्रॅम असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी किंवा ७ टाकायचं. एकदा सगळं बसवून झालं की ते अख्खं मशीन म्हणजे एक फोल्डर, त्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवा, उद्या लॅपटॉप बदलला तरी तोच फोल्डर नव्यावर आणायचा आणि परत चालू.

बागुलबुवा म्हणालात ते जरा लागलं मनाला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरला तेव्हा त्याचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मार्चमध्येच येऊन पडला होता, तरी फटका बसलेल्यांत बहुतांश मशीन विंडोज ७ चीच होती, केवळ अपडेट न केल्यामुळे. आणि आता ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, एक्सपीचा तर २०१४ लाच. तेच ७ थेट लॅपटॉपवर टाकलं की तुमचं बँकेचं काम, मेल, फोटो सगळं त्याच्यातच. व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क सेटिंगमधून बंद करता येतं, फाइल शेअर्ड फोल्डरमधून आत-बाहेर करायच्या, तोही काम झालं की काढून टाकायचा.

आता डोंगल. यूएसबीचा असेल तर व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतो, बऱ्याचदा चालतो. पॅरलल पोर्टचा (जुने प्रिंटर जोडायच्या रुंद पोर्टात बसणारा) असेल तर यूएसबी-पॅरलल केबल घेऊ नका, त्या केबली प्रिंटरपुरत्या असतात, डोंगलला जो खरा पोर्ट लागतो तो त्यातून मिळत नाही. अशा वेळी जुनाच कॉम्प्युटर जपा, त्याच्या हार्ड डिस्कची इमेज (जशीच्या तशी पूर्ण कॉपी) आजच काढून ठेवा आणि त्याला इंटरनेट लावू नका. हे मूळ लेखात असायला हवं होतं, आज रात्री टाकतो.

तुमचा प्रोग्रॅम कुठला आणि १६ बिट की ३२, ते लिहिलंत तर नेमकं सांगता येईल. ६४ बिट विंडोजवर तो उघडताना 'अनसपोर्टेड १६-बिट ॲप्लिकेशन' असा मेसेज आला तर समजा १६ बिट आहे.