कुनिगुंडेचा पेला : प्रेमकथा गोड, पण खोटी

लग्नसराई आली की हा फॉरवर्ड फिरू लागतो. घेरदार झग्यातली चांदीची बाई, तिच्या उंचावलेल्या हातांत इवलासा पेला. खाली गोष्ट: मध्ययुगात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एका सरदाराची लेक कुनिगुंडे गरीब सोनाराच्या प्रेमात पडली. बापानं त्याला अंधारकोठडीत डांबलं आणि अट घातली, "दोघांना एकदम पिता येईल आणि थेंबही सांडणार नाही, असा पेला घडव, मुलगी तुझी." त्यानं शुद्ध चांदीचा घडवला, लग्न लागलं. यंदा तो भाचीच्या साखरपुड्याच्या ग्रुपवर आला आणि एका काकांनी पेला ऑनलाइन शोधूनही काढला.

आधी तो सरदार. न्यूरेंबर्ग थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं मुक्त शहर, कारभार बड्या घराण्यांच्या नगरमंडळाकडे. 1348-49 च्या उठावानंतर कारागिरांचे स्वतंत्र संघही मंडळानं मोडले, त्यामुळे सोनारावर हुकूम चाले तो मंडळाचा. सोळाव्या शतकात उस्ताद व्हायला तीन वस्तू करून दाखवाव्या लागत: ठरावीक फुलाच्या घाटाचा पेला, खडा बसवलेली अंगठी आणि कोरलेला शिक्का. कोठडीपेक्षा हीच परीक्षा अवघड असावी!

'गरीब सोनार' हेही सरसकट खरं नाही. तिथल्याच वेन्त्सेल याम्निट्झरनं चार सम्राटांसाठी काम केलं आणि तो नगरमंडळावरही बसला. गोष्टीतल्या सोनाराला मात्र साधं नावही नाही.

'मध्ययुगात' म्हणावं, तर बाईचा पोशाखच चुगली करतो. तो घेर, ती गळ्याभोवतीची चुणीदार कॉलर 1600 च्या आसपासची फॅशन. जुने नमुने त्याच सुमाराचे.

आता खरी गंमत, 'एकदम पिणे'. बाई उलटी धरायची. झगा वर येतो, तोच मोठा पेला. खाली हातांमध्ये छोटा पेला दोन बारीक खिळ्यांवर पाळण्यासारखा झुलतो. बूड जड, म्हणून बाई कशीही कलली तरी त्याचं तोंड वरच राहतं. दोन्ही भरले की खाली ठेवायची सोय नाही, मोठा रिकामा करावाच लागतो. पुरुषानं छोट्यातला थेंबही न सांडता झगा संपवायचा, मग छोटा बाईनं घ्यायचा. म्हणजे ही पैज होती, मेजवानीतली टवाळी. एकाच वेळी दोघांनी तोंड लावायला गेलं तर कपाळं आपटतील.

जर्मन सोनारांना असला खेळ आवडायचाच. आउग्सबुर्गच्या योआखिम फ्रीसनं हरणावर बसलेली डायना, म्हणजे शिकारीची रोमन देवी, घडवली. बैठकीत किल्लीचं यंत्र. ती टेबलावरून धावायची आणि ज्याच्यापुढे थांबेल त्यानं हरणाचं डोकं काढून त्यातून प्यायचं. त्यामागे मात्र कोणी प्रेमकथा जोडली नाही.

'शुद्ध चांदी' हे तर सोडाच. न्यूरेंबर्गचा टंच 14 लोट, म्हणजे सोळात चौदा भाग, हजारी 875. वरून बहुधा सोन्याचा मुलामा.

काकांच्या पेल्याखाली विक्रेत्यानं 'अस्सल सोळावं शतक' लिहिलं होतं. फोटो मोठा केला. झग्याच्या कडेला चंद्रकोर, मुकुट आणि 800 असा छाप. हा छाप जर्मनीत 1888 पासूनचा. भाचीला म्हटलं, आवडला असेल तर घे, पण 800 टंचाच्या भावानं.