सहा वर्षांची बंदी? मग गोकाक, अथणी, कागवाडला काय झालं?

घरच्या ग्रुपवर मामांनी तो मेसेज पुन्हा टाकलाय, वर ‘सर्वांनी वाचा’ म्हणून. वाचला. विषय पक्षांतरबंदी कायद्याचा, मजकूर असा: पक्ष सोडणाऱ्या आमदाराला सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही, तक्रार केली की निवडणूक आयोग आठ दिवसांत आमदारकी काढतो, दोन-तृतीयांश फुटले तर सगळं माफ, आणि या कायद्यामुळे सरकार जनतेला जबाबदार झालं.

सहा वर्षांवर निदान बेळगाव जिल्ह्यात तरी कुणी विश्वास ठेवू नये. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे याच कायद्यात, सहा महिने आहेत, तेही नामनियुक्त सदस्यांना एखाद्या पक्षात जायची मुदत म्हणून. सहा वर्षं कुठंच नाहीत. ती येतात लोकप्रतिनिधित्व कायद्यातून, शिक्षा झालेल्यांसाठी. नाहीतर पक्ष ज्याला ‘सहा वर्षांसाठी निलंबित’ करतात त्या बातम्यांतून.

जुलै २०१९ आठवा. आपल्या जिल्ह्यातले काँग्रेसचे तीन आमदार: गोकाकचे रमेश जारकीहोळी आणि अथणीचे महेश कुमठळ्ळी यांनी राजीनामे दिले. कागवाडचे श्रीमंत पाटील राजीनामा न देता विश्वासदर्शक ठरावाला गैरहजर राहिले. कर्नाटक विधानसभेचे सभापती रमेशकुमार यांनी एकूण १७ जणांना अपात्र ठरवलं आणि वर २०२३ पर्यंत निवडणूकबंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०१९ चा निकाल कागवाडच्या पाटलांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात म्हटलं: राजीनाम्याने आधीचं पक्षांतर पुसलं जात नाही, त्यामुळे अपात्रता कायम, पण लढण्यावर बंदी घालायचा अधिकार सभापतींना नाही. ५ डिसेंबरला पोटनिवडणूक झाली, तिघेही भाजपतर्फे निवडून आले. ६ फेब्रुवारी २०२० ला त्यातले दोघे मंत्री. अपात्र आमदाराला मंत्री करता येत नाही हे खरं, पण पुन्हा निवडून येईपर्यंतच. सहा वर्षं सोडा, सात महिनेही लागले नाहीत.

निवडणूक आयोगाचा इथं संबंधच नाही. निर्णय सभापतींचा (महाराष्ट्रात अध्यक्षांचा), आणि कायद्यात मुदत नाही. साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असं न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. त्यानंतर शिवसेनेच्या फुटीतल्या, जून २०२२ मधल्या अपात्रतेच्या अर्जांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला. आठ दिवस म्हणे!

दोन-तृतीयांशाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. एक-तृतीयांश फुटीची पळवाट ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये बंद केली. उरलं ते विलीनीकरण: पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन-तृतीयांश आमदारांनी ते मान्य केलं तरच माफी. नुसता वेगळा गट करून बसण्याला संरक्षण नाही.

राहिली जबाबदारी. समजा, सत्ताधारी आमदाराला सरकारचं एखादं विधेयक आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुळावर येतंय असं वाटलं. सुवर्ण विधानसौधमध्ये (बेळगावातल्या विधानभवनात) तो विरोधात भाषण करू शकतो. व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडून विरोधात मत दिलं, किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिला, तर पंधरा दिवसांत पक्षाने माफ केलं तर ठीक, नाहीतर आमदारकी धोक्यात. माफी पक्षाने द्यायची. मतदाराला यात कुणी विचारत नाही. पक्षात राहून एका विधेयकाला विरोध करणारा आणि पक्षच बदलणारा, दोघांना शिक्षा एकच. दुसऱ्याला निदान नव्या पक्षाचं तिकीट मिळतं.

मतदारांनी हिशेब केला तो २०२३ मध्ये: कुमठळ्ळी आणि पाटील पडले, जारकीहोळी टिकले. पण अथणीत जिंकलेले लक्ष्मण सवदी आणि कागवाडचे राजू कागे, दोघेही भाजपमधूनच काँग्रेसमध्ये आलेले. मामांनी हेही फॉरवर्ड करावं.